दुसरा शुक्रवार



वितरक, थिएटरमालक आणि पब्लिसिटीवाल्यांच्या या मेळाव्याच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव निघालं तेव्हा घरातून पहिली प्रतिक्रिया आली ती अशी, "तुम्ही तर पोस्टरं चिकटवायचात, तुम्ही काय भाषण करणार?" खरं आहे. या धंद्यात मी खळीच्या बादलीतून शिरलो. मैदा पाण्यात कालवून शिजवायचा आणि उतरवताना मोरचूद घालायचं. मोरचूद विसरलं की सकाळी भिंतीवर नायकाची नुसती टोपी उरायची, बाकीचा सिनेमा गाईच्या पोटात. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः पोस्टरं रंगवली, तिथे मी हे अभिमानाने सांगतोय, त्यामुळे हसायला हरकत नाही.

पोस्टरासोबत आम्हाला एक अरुंद कागदी पट्टी मिळायची. लाल शाईत, 'आठवडा दुसरा'. दुसऱ्या शुक्रवारी पहाटे जुन्या पोस्टरावर तिरकी चिकटवायची. मालकाने गल्ल्याखालून ती पट्टी काढून हातात दिली की समजायचं, सिनेमा चालला. आज मला त्या पट्टीबद्दलच बोलायचंय, कारण गेल्या काही वर्षांत ती कुणी छापलेली माझ्या पाहण्यात नाही.

आता सिनेमाचा निकाल रविवारी रात्री लागतो. शुक्रवार, शनिवार, रविवार, बस. सोमवारी दुपारी आकडे 'पडले' की मंगळवारपासून शो कापायला सुरुवात. ही रीत आपल्याकडे आली ती अमेरिकेतल्या एका शार्कच्या पाठीवर बसून. २० जून १९७५ ला 'जॉज' तिथे चारशेहून अधिक थिएटरांत एकाच दिवशी लागला. त्या सुमारास तीन रात्री टीव्हीवर जाहिरातींचा मारा झाला, त्यावर सुमारे सात लाख डॉलर खर्च झाले. मूळ कादंबरीच्या मुखपृष्ठावर जे चित्र, तेच पोस्टरवर. त्याआधीही तिथे एकदम शेकड्यांनी थिएटरं घ्यायची पद्धत होती, पण ती भुक्कड सिनेमांसाठी. लोकांमध्ये बोभाटा व्हायच्या आत गल्ला गोळा करून मोकळं व्हायचं, एवढाच हिशेब. चांगला सिनेमा मोठ्या शहरातल्या निवडक थिएटरांत लागायचा आणि तिथून हळूहळू गावागावांत उतरायचा. 'जॉज'ने वाईट मालाची युक्ती चांगल्या मालाला लावली.

पण त्या गोष्टीचा एक तुकडा आपण सोडून देतो. स्टुडिओच्या माणसांनी आधी याच्या दुप्पट थिएटरं ठरवली होती. प्रमुख ल्यू वासरमन यांनी ती निम्म्यावर आणली, असं सांगितलं जातं. रांगा लागू द्या, सिनेमा सगळा उन्हाळा चालला पाहिजे, हा त्यांचा विचार. म्हणजे ज्याच्या नावावर पहिल्या शुक्रवारचा धंदा खपवला जातो, त्याचा डोळा दहाव्या शुक्रवारवर होता. आपण टीव्हीचा मारा तेवढा उचलला, रांग तिकडेच राहिली.

मग १९७७ चा 'स्टार वॉर्स'. सुरुवात जेमतेम बत्तीस थिएटरांतून. जॉर्ज लुकास यांनी दिग्दर्शनाच्या जादा मानधनाऐवजी खेळणीबिळणी विकण्याचे आणि पुढच्या भागांचे हक्क आपल्याकडे ठेवले. नाताळ आला तेव्हा बाहुल्या तयार नव्हत्या. खेळण्यांच्या कंपनीने पुठ्ठ्याचं रिकामं पाकीट विकलं, आत एक कूपन : बाहुल्या नंतर पोस्टाने येतील. पोरांनी घेतलं! मार्केटिंग म्हणजे काय, असं नवी मुलं मला विचारतात तेव्हा मी हे पाकीट सांगतो. ते खपलं, कारण सिनेमा पोरांनी आधीच पाहिला होता, काहींनी चार-चार वेळा.

आपल्याकडे पहिल्या आठवड्याचं वेड कागदावर आलं ते २००९ मध्ये. हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं हिश्शावरून वाजलं आणि एप्रिलपासून सुमारे दोन महिने मोठा हिंदी सिनेमा मल्टिप्लेक्सात लागला नाही. तोडगा निघाला तो असा : निर्माता-वितरकाच्या बाजूला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. आपले करारही याच आकड्यांकडे बघून बोलले जातात. हा उतार नीट पाहा. निर्मात्याला पहिल्या आठवड्यातला रुपया पन्नास पैशांचा, चौथ्यातला तीस पैशांचा. मग तो जाहिरातीचा सगळा पैसा शुक्रवारच्या आधी ओतणारच. पण थिएटरमालकहो, तुमचं गणित नेमकं उलटं आहे. चौथ्या आठवड्यातल्या रुपयातले सत्तर पैसे तुमचे, वर समोसा आणि पॉपकॉर्न. तरी सोमवारी सिनेमा काढायची सगळ्यांत जास्त घाई तुम्हालाच. हे मला इतकी वर्षं कळलेलं नाही.

अर्थात पहिला दिवस मलाही कळतो. 'राजा हरिश्चंद्र' घेऊन फाळके सुरतेला गेले तेव्हा पहिल्या खेळाचा गल्ला तीन रुपये झाला, असं सांगतात. दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघणारा माणूस तीन आण्यांत दीड तास का घेईल? फाळक्यांनी भाषा बदलली. सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांब चित्र, फक्त तीन आण्यांत! सुरत ही कापडाची पेठ, तिला माप कळलं. पहिलं तिकीट जाहिरातीने खपतं, यात वाद नाही. दुसरं तिकीट पहिल्या तिकीटवाल्याने खपवायचं असतं, आणि त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ सिनेमाला पडद्यावर राहू द्यायला हवं.

दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला १९७१ मध्ये दादरच्या एका थिएटरात हिंदी सिनेमासाठी जागा सोडायची वेळ आली, तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले. सिनेमाला पडदा मिळाला, पुढचा इतिहास तुम्हाला पाठ आहे. प्रत्येक निर्मात्याला तसा पाठीराखा मिळत नाही, म्हणून करार नीट वाचायचा.

२०१६ च्या 'सैराट'मध्ये पडद्यावर दोन नवी पोरं. पोस्टरवर ओळखीचा चेहरा नाही, पण गाणी आधीच हळदीत आणि वरातीत पोचलेली. पुढे सातारा जिल्ह्यात रात्री बाराचे आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. शंभर कोटींच्या घरात गेलेला तो पहिला मराठी सिनेमा. आणि २०२३ चा 'बाईपण भारी देवा' तर आपल्या सगळ्यांची शिकवणीच होती. ३० जूनला लागला आणि दुसऱ्या आठवड्यात पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. नऊवारी नेसून, गॉगल लावून बायका घोळक्याने येत, पोस्टरसमोर नाचत, मोबाइलवर शूट करत. ॲपवर एका वेळी दहाच तिकिटं निघतात, म्हणून भिशीच्या बायका थेट थिएटरला फोन करून तीस तिकिटं एकाच बाजूला मागत होत्या. आपल्यातल्या कुणाच्या प्लॅनमध्ये हा फोन होता? माझ्या तरी नव्हता.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कौटुंबिक सिनेमाची पब्लिसिटी माझ्याकडे होती. हायवेवर होर्डिंग, एसटीच्या पाठीमागे जाहिरात, कलाकारांची कॉलेज-वारी, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात हजेरी. गुरुवारी रात्री बजेटमध्ये चहाचेसुद्धा पैसे उरले नव्हते. एका मल्टिप्लेक्सने सकाळी सव्वादहाचा शो दिला, दुसऱ्या दिवशी साडेतीनचा, तिसऱ्या दिवशी आणखी कुठला तरी. सोमवारी एका तालुक्याच्या गावातून मालकाचा फोन आला. "काका, काल रात्री बायका विचारत होत्या, पुढच्या रविवारी सासूबाईंना घेऊन येऊ, असेल ना? काय सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शुक्रवारी पडदा दुसऱ्याचा झाला. त्या सासूबाईंचं तिकीट माझ्या हिशेबात अजून येणं आहे.

म्हणून दुपारच्या सत्रात करारांची चर्चा होईल तेव्हा माझ्या दोन गोष्टी मांडून घ्या. निर्मात्यांनी पब्लिसिटीचा तिसरा हिस्सा पहिल्या सोमवारपर्यंत कुलपात ठेवावा, आणि त्याची किल्ली माझ्यासारख्याच्या हातात देऊ नये. थिएटरमालकांनी नऊ खेळ देऊ नयेत, एकच द्यावा, पण दोन आठवडे त्याच वेळेला. रोज वेळ बदलणारा सिनेमा लोक शोधत बसत नाहीत. मराठी सिनेमाला प्राइम टाइमचे खेळ मिळावेत म्हणून सरकारकडे जायचं तर खुशाल जा, मीही येईन. पण ही दोन कामं या हॉलमध्येच होण्यासारखी आहेत.

राहिली पट्टी. आमचे मालक पोस्टरांच्या पहिल्याच ऑर्डरमध्ये 'आठवडा दुसरा'च्या पट्ट्याही छापून घ्यायचे, सिनेमा लागायच्या आधी. छापखानेवाला दर वेळी विचारायचा, "शेठ, नक्की ना?" सिनेमा पडला तर त्या पट्ट्या वाया जात नसत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर शेठ पुढच्या सिनेमाचा हिशेब मांडायचे.