शिफारशी दवाखान्यापर्यंत पोचाव्यात
(संधिवात परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)





ही परिषद पुण्यात भरावी, यात औचित्य आहे. याच जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमात घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली. हजार प्रौढांमागे सुमारे पाच जणांना ह्रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आढळला. हा आजार खेड्यापाड्यांतही आहे, हे त्या पाहणीने आकड्यांनिशी दाखवले.

उपचार कसे करावेत, हे आज ठाऊक आहे. युरोपातील ‘युलार’ संघटनेच्या शिफारशी स्पष्ट आहेत : निदान होताच मेथोट्रेक्सेटसारखे औषध सुरू करा, तीन महिन्यांत फरक पडला नाही किंवा सहा महिन्यांत उद्दिष्ट गाठले नाही, तर उपचार बदला, स्टेरॉइड दिलेच, तर लवकरात लवकर कमी करत थांबवा. पुरावा किती भक्कम, फायदा किती, धोका किती, हे तोलून अशी शिफारस ठरते. ती आज्ञा नव्हे. पण बाजूला ठेवायची, तर कारण केसपेपरवर लिहिले पाहिजे.

तरीही बाहेरची तत्त्वे जशीच्या तशी उचलून भागणार नाही. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. म्हणून बायोलॉजिक औषधांपूर्वी सुप्त क्षयाची तपासणी इथे टाळताच येत नाही. औषधाचा खर्च रुग्णाला झेपेल का, हा प्रश्नही शिफारस लिहितानाच विचारायला हवा. आठवड्यातून एकदा घ्यायचे मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतले, तर जिवावर बेतते. तेव्हा चिठ्ठीवर वार ठळक लिहिणे हाही मार्गदर्शक तत्त्वांचाच भाग आहे.

मित्रहो, दोन विनंत्या करतो. प्रत्येक सत्राच्या शेवटी एक प्रश्न विचारा : तालुक्याच्या डॉक्टरला हे उद्या करता येईल का? आणि समारोपापूर्वी रुग्णांना सोबत घेऊन एक पानी मराठी पत्रक तयार करा. गोळी कोणत्या वारी घ्यायची, रक्त कधी तपासायचे, ताप आला तर काय करायचे, गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी का सांगायचे, एवढे त्यात असावे. ते पत्रक प्रत्येक दवाखान्यात लागले, तर ही परिषद सार्थकी लागली असे मी मानेन.