एकट्याने पाळायचा नेम
(वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्च आपल्या हाती आहेच. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, त्यावर बोलणे आम्हांस सोपे गेले असते. आज मात्र ताळेबंदात न दिसणाऱ्या एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधण्याची अनुज्ञा असावी.

आपल्या स्त्री-कक्षातील एक परिचारिका गेली काही वर्षे नित्यनेमाने प्रीतिसंगमावर चालावयास जातात. मधुमेहामुळे त्यांच्या मातोश्रींचा पाय कापावा लागला होता. त्यांच्या संमतीनेच हे सांगत आहोत. रात्रपाळी संपली की घरी जाण्याआधी घाटाकडे फेरी, चहा बिनसाखरेचा, आणि नातेवाइकांनी आणलेला पेढा हात जोडून परत. त्यावर सहकाऱ्यांचा शेरा ठरलेला, "एका पेढ्यानं काय होतंय?" वाढदिवसाच्या केकपासून त्या दूर राहतात म्हणून त्यांना 'शिष्ट' ही पदवीही मिळाली. उसाच्या या मुलखात गोड नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे समजतात. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, आणि अडचण तीच आहे. विरोधाशी भांडता येते. आग्रहाशी कसे भांडावे?

कराडात व्यायामाचा विषय निघाला की गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे नाव येणारच. 1948 साली लंडनला सहावा क्रमांक, आणि 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी दिली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. खाशाबांच्या मेहनतीविषयी आम्ही काय बोलावे! परंतु त्या मेहनतीभोवती घर होते, गाव होते, तालीम होती. तालमीत व्यायाम चुकवणाऱ्याला टोमणे बसतात. कार्यालयात तो न चुकवणाऱ्याला बसतात.

चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात आणि तो परिणाम पुढे कित्येक तास टिकतो. म्हणून महिन्यातून एकदा आगाशिवाचा डोंगर चढून छायाचित्र काढल्याने भागत नाही. प्रौढांनी आठवड्यास किमान 150 मिनिटे झपाझप चालण्याइतका व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाकाठी ही वीस-बावीस मिनिटे होतात. आमच्या कॅन्टीनमधील दुसऱ्या चहाला याहून अधिक वेळ जातो, असे आमचे निरीक्षण आहे.

व्यायामाची सक्ती आम्ही करणार नाही. सक्तीने हजेरीपट तेवढा भरतो. परंतु रात्रपाळीला जोडून दुसरी पाळी यापुढे कोणासही दिली जाणार नाही. त्यासाठी दोन जागा वाढवाव्या लागतील आणि तो खर्च विश्वस्त मंडळापुढे आम्ही ठेवला आहे. चहात साखर वेगळी मिळेल. रुग्ण बरा होऊन घरी निघताना आपण आनंदाने पेढे आणता, त्या भावनेचा आम्हांस आदर आहे. एखादीने तो घेतला नाही तर कृपया दुसऱ्यांदा आग्रह करू नये, एवढीच विनंती.

गेल्या महिन्यापासून त्या परिचारिकेसोबत आणखी दोघी घाटावर जाऊ लागल्या आहेत. त्यांपैकी एकीने आपले नाव कक्षात कळू नये असे सांगितले आहे, म्हणून ते येथे घेत नाही.