कानाचे शिक्षण

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निकाल, शिष्यवृत्ती आणि स्पर्धा परीक्षा या विषयांवर बोलण्यास माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी येथे बसली आहेत. मी भाषेचा शिक्षक आहे आणि आज आपल्याशी गाण्याविषयी बोलणार आहे. हे ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठी पडेल. "सर, पोरगा आधीच कानात बोंडुक घालून बसतो, त्यात तुम्ही आणखी गाणी सांगा!" असे आपण मनात म्हणत असाल. आपली तक्रार रास्त आहे आणि मी तिच्याकडे येणारच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. संगीताविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत. मी आलिम नाही, त्यामुळे त्या वादात निवाडा देणे माझे काम नव्हे. कोणाच्या घरी कव्वाली चालते, कोणाच्या घरी केवळ हम्द आणि नात चालते. ज्याने त्याने आपल्या घरची मर्यादा सांभाळावी. परंतु सुरेल गळ्याने केलेली किरात ऐकून ज्याचे मन हेलावले नाही, असा माणूस आपल्यात नसेल. चांगले ऐकणे ही शिकण्याची गोष्ट आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. अक्षर वळणदार व्हावे म्हणून आपण मुलांना पाटी-वही देतो. कानाला वळण लागावे म्हणून काय देतो?

गेल्या वर्षी मी नववीच्या वर्गाला एक गृहपाठ दिला. घरातील वडीलधाऱ्या माणसाला त्याचे आवडते गाणे विचारा. ते त्याने कोठे ऐकले, कोणाबरोबर ऐकले, हे दहा ओळींत लिहून आणा. मला वाटले होते, पाच-पंचवीस सिनेमाची गाणी येतील. आले ते निराळेच. एका मुलीने नानीकडून हळदीच्या रात्री ढोलकीवर म्हणायचे दखनी गीत लिहून आणले. एकाचे चाचा आखातात नोकरीला. खोलीवरच्या केरळी सोबत्यांकडून शिकलेले मल्याळी गाणे त्यांनी फोनवर म्हणून दाखविले. एका मुलाच्या आजोबांनी लहानपणी गिरणगावात वडिलांचे बोट धरून शाहीर अमर शेख यांना ऐकले होते. अर्थ फारसा कळला नव्हता, पण तो आवाज अजून कानात आहे, असे त्यांनी नातवाला सांगितले.

मुलांनी मला विचारले, "सर, हे अमर शेख कोण?" विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न आपल्याला पडावा, याचे मला वाईट वाटले. बार्शीत १९१६ साली जन्मलेल्या मेहबूब हुसेन पटेल यांनी अमर शेख हे नाव घेतले आणि मराठी मुलखाला जागविले. अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर हे त्यांचे सोबती. तिघांच्या लाल बावटा कलापथकाने कामगार वस्त्या पिंजून काढल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सभा सुरू होण्यापूर्वी त्यांचा पोवाडा झाला की मैदान भरून जाई. १९६९ साली अपघातात त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले हे आपण पाठ करतो. ते होण्यासाठी आपल्यातल्याच एका माणसाने गळा फोडून गायिले, हेही पाठ करावयास हवे.

दुसरे नाव मिरजेचे. उस्ताद अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तर प्रदेशातील किराना गावचे. पण त्यांची कर्मभूमी आपला हा मुलूख. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यावर त्यांची नितांत श्रद्धा होती. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात त्यांचा अंत झाला आणि त्यांना मिरजेत, दर्ग्याच्या आवारातच दफन केले गेले. उरुसाच्या दिवसांत तेथे चिंचेच्या झाडाखाली गाण्याची हजेरी लागते. नामवंत कलावंत तेथे मानधनाचा हिशेब न धरता गायिले आहेत.

खाँसाहेबांचा आवाज पातळ, पण असा धारदार की सरळ काळजाला भिडावा. जुन्या तबकड्यांवर तीन-साडेतीन मिनिटांचीच जागा असे. तेवढ्यात त्यांनी झिंझोटीची ठुमरी अशी भरली आहे की आजही ऐकणारा गप्प होतो. गदगच्या एका मुलाने दुकानात वाजणारी खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि असे गाणे शिकायचे म्हणून अकराव्या वर्षी घर सोडले. पुढे तो खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकला. त्या मुलाचे नाव भीमसेन जोशी. त्यांना २००८ साली भारतरत्न जाहीर झाले. (मुलांनो, घर सोडण्याचा भाग तेवढा घेऊ नका!)

मिरजेचीच आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. तेथील शिकलगार घराणी मूळची हत्यारांना धार लावणारी. तलवारींचे दिवस गेले, पोटाचा प्रश्न उभा राहिला. या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात आपले हात तंबोरा आणि सतार घडविण्याकडे वळविले. भोपळा निवडणे, वाळविणे, त्यावर लाकडी दांडी बसविणे, आणि शेवटी घोडीवर तार अशी टेकविणे की सुराला जवारी यावी. हे सारे हाताने आणि कानाने. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एक धंदा बुडाला म्हणून रडत न बसता आपले कसब नव्या कामाला लावले, याहून मोठा शिक्षणाचा धडा मी कोठून आणू?

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँ यांना आश्रय दिला. त्यांच्या शिष्या, गोव्याच्या केसरबाई केरकर. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांत पृथ्वीवरील निवडक आवाजांची सोनेरी तबकडी ठेवली आहे आणि तीत केसरबाईंची भैरवी आहे. उस्तादाने शिष्येला दिलेला सूर सूर्यमालेच्या पलीकडे निघाला आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ही भैरवी जरूर ऐकावी.

सिनेसंगीताला हलके लेखणाऱ्यांपैकी मी नाही. १९५२ सालच्या 'बैजू बावरा'तील मालकंसमधले भजन शकील बदायुनी यांनी लिहिले, नौशाद यांनी बांधले, महंमद रफी यांनी गायिले. आणि ते देशभर देवळांतून भक्तिभावाने म्हटले गेले. गाणे कोणाचे, हा प्रश्न तेथे गळून पडतो.

आता पुन्हा माझ्या वर्गाकडे येतो. त्या गृहपाठात एका मुलाने कोरा कागद दिला. हुशार मुलगा, म्हणून मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावले. बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, आमच्या अब्बांना शेकडो गाणी येतात. वर्गात वाचून दाखविणार नसाल तर लिहितो." त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवितात. मित्रांना त्याने सांगितले होते की अब्बा विजेची कामे करतात.

पालकहो, हा मुलगा गाण्याला लाजत नव्हता, तो आपल्या बापाच्या भाकरीला लाजत होता. ही लाज त्याच्यात कोणी घातली? आपणच. वरातीत आपण बँडवाल्यांच्या सुरावर नाचतो, आणि जेवणाच्या पंगतीत त्यांना शेवटी बसवितो. मुले हे पाहतात.

मी त्याचे गुपित फोडले नाही. वर्गात मात्र उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्यावर एक तास घेतला. लग्नाच्या दारात वाजणारी सनई या माणसाने मैफलीच्या बैठकीवर नेली. काशीत ते बालाजीच्या मंदिरात रियाज करीत आणि मोहरममध्ये दुःखाचे सूरही तितक्याच निष्ठेने वाजवीत. त्यांना २००१ साली भारतरत्न मिळाले. तास संपल्यावर तो मुलगा आपण होऊन आला आणि म्हणाला, "सर, अब्बांना बोलवायचे का?"

वडील आले. बँडचा झगमगता कोट नव्हता, साधा पांढरा शर्ट होता. त्यांनी पेटी उघडली, वाद्याचे तुकडे जोडले, पत्ती ओली केली आणि रफीसाहेबांचे 'सूरज' चित्रपटातील ते सर्वांच्या ओळखीचे वरातीचे गाणे वाजविले. मग मुलांनी प्रश्नांची सरबत्ती केली. नोटेशन वाचता येते का? नाही, कानाने उचलतो. नवे गाणे बसायला किती दिवस? सोपे असेल तर एक रात्र. धंदा कसा आहे? डीजेने निम्मा खाल्ला. ते हसत बोलत होते, पण मुले हसली नाहीत. जाताना त्यांच्या मुलाने क्लॅरोनेटची पेटी उचलली आणि सर्वांच्या देखत वडिलांबरोबर फाटकापर्यंत गेला.

गाण्याचा आणखी एक उपयोग भाषाशिक्षक म्हणून सांगतो. आपल्या बहुतेक घरांत उर्दू किंवा दखनी बोलतात. मराठीतला 'ळ' आणि 'ण' मुलांच्या जिभेला अडतो, वर्गात हशा होतो आणि मूल तोंड मिटून घेते. अशा मुलांना मी रफीसाहेबांची मराठी भावगीते ऐकवितो. पंजाबात जन्मलेल्या या गायकाने श्रीकांत ठाकरे यांच्या चालींवर वंदना विटणकरांचे शब्द किती जपून उच्चारले आहेत ते पाहा. मूल गाणे चार वेळा गुणगुणते, तेव्हा उच्चाराची भीती आपोआप जाते.

आता पालकांची ती तक्रार. मुले दिवसभर कानात गाणी घालून बसतात, हे खरे. पण दोष गाण्याचा नाही, एकट्याने ऐकण्याचा आहे. पूर्वी घरात एक रेडिओ असे. सारे घर एकच गाणे ऐके, आवडले न आवडले बोलले जाई. आज एकाच खोलीत चार माणसे चार गाणी ऐकतात आणि कोणाचे कोणाला ठाऊक नसते. म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, आठवड्यातून एकदा अर्धा तास सर्वांनी मिळून ऐकावे. एक गाणे आजीचे, एक वडिलांचे, एक मुलाचे. मुलाचे रॅप असले तरी पालकांनी ते शेवटपर्यंत ऐकावे आणि मगच मत द्यावे. मुलांनीही आजीची कव्वाली मध्येच बंद करू नये.

दुसरी, घरातील गाण्यांची एक वही करावी. जात्यावरच्या ओव्या जाते गेले तशा विरू लागल्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या उरल्या. आपल्या दखनीतही सूफींनी चक्कीवर म्हणण्यासाठी चक्कीनामे रचले होते. आपल्या नानीचे हळदीचे गाणे गोळा करण्यास कोणी बाहेरचा येईलच असे नाही. ते तुम्हीच लिहा. कोणी म्हटले, कोठे म्हटले, तारीख घाला.

तिसरी विनंती मुलींच्या पालकांना. ज्या मुलीचा गळा गोड आहे, तिला निदान घरात आणि शाळेत गप्प करू नका. नात म्हणू द्या, देशभक्तिगीत म्हणू द्या, कविता चालीवर म्हणू द्या. भर वर्गात न अडखळता गाणारी मुलगी उद्या मुलाखतीतही न अडखळता बोलते, हा माझा अनुभव आहे.

गाणे शिकून सर्वच जण उस्ताद होणार नाहीत, तशी अपेक्षाही नाही. पण दुसऱ्याचे आवडते गाणे मन लावून ऐकणारा माणूस दुसऱ्याचे म्हणणेही ऐकून घेतो. शाळेने असा माणूस घडविला तर तिचे निम्मे काम झाले. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपल्या दादा-दादीला, अम्मी-अब्बांना एवढेच विचारा, "तुमचे आवडते गाणे कोणते?" आणि उत्तर पुरे होईपर्यंत उठू नका.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र!