बाजाराची यादी कोणी करावी?



आठवडी बाजाराला घरधनी निघाले, की ते खिशातल्या पैशांकडे पाहतात. घरधनीण डब्यांकडे पाहते. ते म्हणतात, "एकदम घेतलं की स्वस्त पडतं." ती म्हणते, "अहो, पावसाळ्यात कीड लागली, मग कसलं स्वस्त?"

खरे तर दोघांचेही बरोबर आहे. सुगीनंतरची ज्वारी, गहू कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून वर्षाचे भरावे. रवा, बेसन, शेंगदाणे मात्र लागतील तेवढेच आणावेत. दाणे खवट होतात, पिठात अळ्या पडतात.

आता पुड्यांचे पाहा. 1958 साली शेराच्या जागी किलो येऊ लागला आणि हिशेब सोपा झाला. 200 ग्रॅमचा पुडा 30 रुपयांना, म्हणजे किलो पडला 150 ला. तोच माल सुटा 120 ला मिळत असेल, तर पुडा कशाला? गुरुजी, हे गणित वर्गात जरूर घाला.

उधारीच्या वहीत आकडा वाढला, की झळ पोरांच्या दुधाला लागते. म्हणून बाजाराच्या आदल्या रात्री दोघांनी मिळून डबे उघडावेत, यादी करावी. मग पिशवी कोणीही उचलावी.