कांदा चिरतांना



पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांत आळे हें गांव आहे. ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखें वेद वदविले त्या रेड्याची समाधि येथें आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. आणि शेजारींच आळेफाट्याच्या बाजारांत कांद्याच्या गोण्यांच्या राशी लागतात. त्या गोण्यांपाशीं घटकाभर उभे राहिलांत तरी डोळ्यांस पाणी येणार नाहीं. तोच कांदा घरीं आणून विळीवर धरला कीं डोळे झोंबूं लागतात. अखंड कांद्यांत जें नव्हतें, तें पातें लागतांच आलें कोठून?

सेंद्रिय रसायनशास्त्रांत ‘विलोपन’ नांवाची एक क्रिया आहे. कार्बनचे दोन अणु शेजारीं शेजारीं असतात. एकावरून हायड्रोजनचा अणु निघून जातो, दुसऱ्यावरून दुसरा एखादा गट सुटतो, आणि त्या दोन शेजाऱ्यांमधील एकेरी बंध दुहेरी होतो. प्रयोगशाळेंत मद्यार्क तीव्र गंधकाम्लासह सुमारें 170 अंश सेल्सियसपर्यंत तापविला, म्हणजे त्याच्या रेणूंतून पाणी निघून जातें व इथिलीन वायु मिळतो. हें विलोपनच होय.

कांदा हेंच कार्य भट्टीवांचून करतो. त्याच्या पेशींत आयसोअ‍ॅलिइन नांवाचें गंधकयुक्त द्रव्य असतें. त्यास दर्प नसतो. त्याच पेशींतील निराळ्या कप्प्यांत अ‍ॅलिनेज नांवाचें विकर असतें. पात्यानें पेशी फुटली कीं दोघांची गांठ पडते. ब-6 जीवनसत्त्वापासून बनलेल्या सहायक रेणूच्या मदतीनें हें विकर आयसोअ‍ॅलिइनमधील हायड्रोजन ओढून घेतें आणि शेजारच्या कार्बनवरील गंधकाचा गट सुटतो. मागें राहिलेल्या भागापासून पायरुव्हिक आम्ल व अमोनिया होतात; म्हणून पायरुव्हिक आम्ल मोजून कांद्याचा तिखटपणा ठरवितात. जमिनींत गंधक अधिक, तर कांदाहि बहुधा अधिक तिखट.

सुटलेला गट म्हणजे एक अस्थिर सल्फेनिक आम्ल. तें आपोआप अश्रुकारक वायूंत पालटतें, अशी पूर्वीं समजूत होती. 2002 मध्यें जपानी संशोधकांनीं दाखविलें कीं, या पालटासाठीं दुसरें स्वतंत्र विकर लागतें. तो वायु डोळ्यांच्या मज्जातंतूंस डिवचतो आणि अश्रु त्यास धुऊन काढूं पाहतात.

गृहिणींचे जुने उपाय यावरून उलगडतात. अखंड कांदा उकडला तर विकरें नष्ट होतात व पुढें चिरतांना तो झोंबत नाहीं. थंड कांद्यांत क्रिया मंदावते आणि वायूहि कमी उडतो. धारदार पात्यानें पेशी कमी चिरडतात.

मग न रडविणारा कांदा करावा काय? 2008 मध्यें न्यूझीलंडमधील संशोधकांनीं दुसरें विकर दडपून तसा कांदा निर्माण केला. त्यांत गंधकयुक्त स्वाद टिकून राहिला. 2015 मध्यें जपानांत अ‍ॅलिनेजच अत्यल्प असलेला कांदा तयार झाला; त्यांत झोंबणें गेलें, पण तिखटपणाहि गेला. कोणती पायरी अडवावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ डोळ्यांचा नाहीं, जिभेचाहि आहे. शेताच्या बांधावर बुक्कीनें कांदा फोडून भाकरीशीं खाणारास विचारलें, तर तो पहिल्या पायरीस हात लावूं देणार नाहीं.