फोटो छापायला देण्यापूर्वी
(स्मरणिकेच्या तयारीसाठी बोलावलेल्या सभासदांच्या सभेतील भाषण)



मी फोटोग्राफर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि बदल्या होत होत इथे बिलासपूरला स्थिरावलो. स्मरणिकेसाठी फोटो गोळा करण्याचे काम माझ्याकडे असते. त्यात माझ्या हातून एक चूक झाली, म्हणून आज चार शब्द बोलतो.

गेल्या वर्षी आपल्या एका दिवंगत ज्येष्ठ सभासदांचा फोटो श्रद्धांजली म्हणून पूर्ण पानभर छापायचा होता. मी तो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला. मोबाईलवर स्वच्छ दिसला, तसाच प्रेसला दिला. छापून आला तेव्हा चेहरा पार धूसर! काकू काही बोलल्या नाहीत, नुसता पानावरून हात फिरवला. चूक प्रेसची नव्हती, माझीच होती.

डिजिटल फोटो म्हणजे बारीक ठिपके, पिक्सेल. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल हवेत. म्हणजे ४ बाय ६ इंचाच्या फोटोला १२०० बाय १८००, आणि पूर्ण ए-फोर पानाला साधारण २४८० बाय ३५०८. आपल्याकडे मेन लाईनवर एका किलोमीटरला १६६० स्लीपर टाकतात. तेवढेच स्लीपर दोन किलोमीटरवर पसरले तर आपण गाडी सोडू का? लहान फोटो ताणून मोठा केला की हेच होते. माप वाढते, तपशील वाढत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो. म्हणून मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ई-मेल करा. स्क्रीनशॉट तर नकोच.

जुना फोटो काचेवरून मोबाईलने टिपू नका, चकाकी येते. फ्रेममधून काढून स्कॅन करा. काचेला चिकटला असेल तर मात्र ओढू नका. दुप्पट मोठा छापायचा असेल तर ६०० डीपीआयवर, चौपट असेल तर १२०० वर स्कॅन करा. पण मुळात जे नाही, ते स्कॅनरही आणू शकत नाही.

आणखी एक. मोबाईलचा पडदा स्वतःच्या उजेडाने चमकतो, कागद नाही. त्यामुळे छापील फोटो थोडा काळवंडतो. सावलीतले चेहरे जरा उजळून घ्या. पण हे सारे फाईलच्या प्रतीवर करा, मूळ फाईलला हात लावू नका.

परवा काकूंकडे जाऊन जुन्या अल्बममधला मूळ फोटो मागून आणला आणि नीट स्कॅन केला. फोटो लहान आहे, म्हणून यंदाच्या अंकात अर्ध्याच पानावर घेत आहोत. पण चेहरा स्पष्ट दिसेल, चष्म्यामागचे ते मिस्कील डोळेसुद्धा!

आपल्याही घरी भिंतीवर, ट्रंकेत असे फोटो असतील. रविवारी घेऊन या. माझ्याकडे स्कॅनर आहे, चहाही आहे.

गणपती बाप्पा मोरया!