वेदीवरील भाषा



येथील शिवाजीनगरातील सेंट मेरी बॅसिलिकेत आज कन्नड, तमिळ व इंग्रजी या तिन्ही भाषांत मिस्सा होते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तेथील वेदीवरून लॅटिन ऐकू येत असे, आणि ती तर जमलेल्यांपैकी कोणाचीच मातृभाषा नव्हती.

लॅटिन ही मुळातच पवित्र मानलेली भाषा नव्हे. रोममधील आरंभीच्या ख्रिस्ती समाजाची उपासना ग्रीकमध्ये चाले. लोकांना लॅटिन अधिक समजू लागली, म्हणून चौथ्या शतकाच्या सुमारास तिने ग्रीकची जागा घेतली. पुढे बोली बदलत गेल्या. प्रार्थनेचे शब्द मात्र तेच राहिले. कळावी म्हणून स्वीकारलेली भाषा कालांतराने न कळण्यामुळेच गूढ वाटू लागली.

भारतातील भाविकांची गरज मात्र तेवढ्याने भागत नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले, ते मराठी ओवीत. वेदीवर लॅटिन आणि भाविकांच्या ओठी देशी भाषा, अशी ही विभागणी साडेतीन शतके टिकली.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनचे स्थान राखूनही लोकभाषांना उपासनेचे दार उघडले. भारतात या परिवर्तनाचे प्रमुख केंद्र बंगळूरच ठरले. फादर अमलोरपवदास यांच्या नेतृत्वाखाली १९६७ मध्ये येथे राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्र उभे राहिले. १९६९ मध्ये रोमने आरती, अंजलिमुद्रा, तेलाचा दीप आदी बारा भारतीय रूपांना मान्यता दिली.

तथापि लोकभाषा म्हणजे कोणाची भाषा, हा प्रश्न याच शहरात तीव्रतेने पुढे आला. भूमी कन्नडची, आणि भाविकांत तमिळभाषक मोठ्या संख्येने. त्यातून उद्भवलेला वाद दीर्घ आणि क्लेशदायक होता.

लॅटिन सर्वांपासून सारखीच दूर असल्याने तिच्यावरून असा कलह झाला नाही. म्हणून काहींना तिची आठवण येते, आणि ती आठवण अनाठायी नाही. परंतु ती समता न समजण्यातील समता होती. समजणाऱ्या भाषेत देवाला हाक मारण्याचा अधिकार आपण मिळवला आहे. शेजाऱ्यालाही तोच अधिकार आहे, हे मान्य केल्यावाचून तो पूर्ण होणार नाही.